डाव्या हाताचं उत्तर

समजा, तुम्ही बी.एड.ला आहात आणि आज तुमचा सराव पाठ आहे. समोर सहावीचा वर्ग, मागच्या बाकावर निरीक्षणाला तुमचे सर. प्रश्न विचारला की सगळ्या वर्गाचे हात वर गेले पाहिजेत, आणि ज्याला उठवाल त्याचं उत्तर बरोबरच आलं पाहिजे. कसं जमवाल?

सोपं आहे. आदल्या दिवशी पोरांना सांगून ठेवायचं. ज्याला येतं त्यानं उजवा हात वर करायचा, ज्याला येत नाही त्यानं डावा. तुम्ही फक्त उजव्यांना उठवायचं.

ही युक्ती पुस्तकात नाही, पण प्रत्येक तुकडी पुढच्या तुकडीला ती सांगून जाते. सोमेश्वर सरांनाही ती माहीत होती. विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागात ते तासिकेवर शिकवायचे. दर जूनला पुन्हा मुलाखत, पुन्हा तीच फाईल. वय छत्तीस. आईवडील पालमला, ते परभणीत एका खोलीत. लग्नाची बोलणी ‘पर्मनंट कधी होणार?’ इथवर येऊन थांबायची. अलीकडे तेही कुणी विचारत नव्हतं. बी.एड.ची पोरं पाठापुरती उगवायची, त्यामुळे मानसशास्त्राचा तास ते बऱ्याचदा दोन मुलींसमोर घेत. आवाज मात्र भरल्या वर्गाचा लावत.

त्या दिवशी देवगाव फाट्याजवळच्या एका गावात त्यांच्या विद्यार्थिनीचा, राजेश्रीचा पाठ होता आणि सर मागच्या बाकावर होते. विषय बाष्पीभवन.

“ओले कपडे वाळतात. मग त्यातलं पाणी जातं कुठं?” तिनं विचारलं.

सगळे हात वर. खिडकीजवळच्या एका मुलीचा डावा. प्रत्येक प्रश्नाला तिचा डावाच हात वर जात होता, अगदी ताठ, न कंटाळता. असा पाठ चालू असताना मधे बोलायचं नसतं. तरी सर बोलले.

“मॅडम, तिला विचारा.”

राजेश्रीचा चेहरा पडला. “भक्ती, तू सांग बाळा.”

मुलगी उभी राहिली आणि बोलली. एखादा शब्द नाही, चांगलं लांबलचक बोलली. मराठी नव्हतं ते, हिंदीही नव्हतं. बोलताना तिचा हात खालून वर गेला, डोक्यावर पसरला, मग बोटं हलत हलत खाली आली.

“रेडिओवर भलतंच स्टेशन लागलं!” मागून कुणीतरी ओरडलं. वर्गात हशा पिकला. भक्ती मुकाट्यानं खाली बसली.

पाठ संपल्यावर राजेश्री व्हरांड्यात जवळजवळ रडकुंडीला आली होती. “सर, तिला उठवायचं हे आधी सांगायचं तरी. ती शाळेत आल्यापासून कधी बोलली न्हाई.”

“आज बोलली ना.”

“मग मी काय करायला पाहिजे होतं? हे कुठल्या पेपरात हाय आपल्याला?”

उत्तर बरोबर आलं तर ‘शाब्बास’, चुकलं तर ‘पुन्हा विचार करून सांग’, हे सर वर्षानुवर्षं शिकवत आले होते. उत्तर आपल्यालाच कळलं नाही तर काय, हे त्यांनाही कुणी शिकवलं नव्हतं. पाठाचे गुण त्यांनी दिलेच नाहीत. मुलीचं उत्तर बरोबर होतं की नव्हतं हे कळल्याशिवाय कसे द्यायचे?

विभागात त्यांनी प्रमुखांपुढे, दत्तराव सरांपुढे विषय काढला. “सर, अशी लेकरं आता गावोगाव आहेत. कुणाची आई बाहेरच्या राज्यातली, कुणी वीटभट्टीवर आलेलं. पाठाआधी आपली मुलं आठवडाभर अशा एका लेकराजवळ नुसती बसली, ऐकत राहिली तर?”

“कल्पना झकास आहे,” दत्तराव सर म्हणाले. “अभ्यासक्रम बदलेल तेव्हा मांडा. म्हणजे, तोवर तुम्ही इथं असलात तर.” आणि त्यांनी प्रेमानं चहा मागवला.

रविवारी सोमेश्वर एसटीनं एकटेच त्या गावी गेले. भक्तीची आजी तानुबाई दारात शेंगा फोडत होती.

“बालाजीला इकडं पोरगीच कुणी देईना,” तिनं सांगितलं. “मग ओडिशातून आणली सून. ती तान्ह्या पोरीला घेऊन माहेरी गेली ती तिकडंच राहिली. ह्या वर्षी बालाजी पोरीला घेऊन आला अन् परत पुण्याला कंपनीत गेला. तिकडं हिला येगळ्याच नावानं हाका मारीत व्हते म्हणं.”

“आईशी बोलते का?”

“फोनवर बोलती की. मी जवळ गेले की गप व्हती. मीच म्हणले व्हते, आपल्या घरात आपल्यावानी बोलायचं.” मग तिनं सरांकडं नीट पाहिलं. “तुमाला लेकरं किती?”

“लग्न नाही झालं अजून.”

“नौकरी पक्की न्हाई जणू?” तानुबाई हसली. “मंग तुमीबी तिकडूनच आणा! पर गाडीत बसवायच्या आधी बोलायचं शिका तिच्याशी. आमच्या बालाजीला ते जमलं न्हाई.”

सरांना हसू आलं, आणि ते लगेच विरलं.

भक्ती आतल्या उंबऱ्याशी येऊन उभी होती. सर जमिनीवर बसले. त्या दिवशी तिनं केला तसा हात त्यांनी खालून वर नेला, डोक्यावर पसरला. “पाणी कुठं जातं, ते तू सांगितलंस. मला कळलं नाही. पुन्हा सांगशील? तुझ्याच भाषेत सांग. मी ऐकतो.”

भक्तीनं आजीकडं पाहिलं. तानुबाई शेंगांचं सूप उचलून मागच्या दारी निघून गेली. घरात दोघंच उरले. भक्तीनं बराच वेळ सरांच्या वर धरलेल्या हाताकडं पाहिलं. तिचे ओठ हलले. मग स्वच्छ मराठीत ती म्हणाली,

“इसरले.”

परतीच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. सोमेश्वर सरांना उद्या राजेश्रीला काहीतरी सांगावं लागणार होतं, पण त्यांच्या मनात दुसरंच घोळत होतं. ती खरंच विसरली, की आता इथं कुणालाच सांगायचं नाही, असं तिनं ठरवून टाकलं?