कोपराचं माप

या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी दोन वर्षांपासून गुपचूप वाचतेय. कधी कमेंटसुद्धा केली नाही. खरं सांगते, बहुतेक अनुभव मला पटलेच नाहीत. प्रत्येकाला मी मनातल्या मनात कारण शोधून द्यायचे... झोप, ताप, वारा. माझ्या स्वतःच्या अनुभवाला मात्र अजून कारण मिळालेलं नाही, म्हणून लिहितेय. शाळा इंग्लिश मीडियमची, मराठीत एवढं सलग पहिल्यांदाच लिहितेय.

मी अमरावतीत मॉड्युलर किचनच्या एका शोरूममध्ये डिझायनर आहे. साइटवर जाऊन मापं घ्यायची, कॉम्प्युटरवर डिझाइन करायचं. सध्या सगळ्यांना साधारण एकच किचन हवं असतं — कपाटांना फिकट हिरवे शटर, हँडल नको, उभ्या रेघांची काच, कपाटांखाली लाइटची पट्टी. बाकी सगळी मापं भिंतींची असतात. माणसाचं माप एकच... ओट्याच्या उंचीचं. जी बाई रोज स्वयंपाक करते तिला सरळ उभं करायचं, हात कोपरात वाकवायला सांगायचा, फरशीपासून कोपरापर्यंत टेप लावायचा आणि चार इंच कमी करायचे. झाली ओट्याची उंची.

मागच्या मे महिन्यात अकोल्याचं काम आलं. गोरक्षण रोडच्या मागच्या गल्लीतलं घर. सोबत आमचे फिटर गजाननभाऊ होते, नांदगाव खंडेश्वरचे, वीस वर्षं याच कामात. दुपारचे बारा वाजले होते. हॉलमधल्या कूलरचा आवाज किचनपर्यंत येत होता, हवा येत नव्हती.

घरातल्या अर्चनाकाकू पंचेचाळीसच्या आसपास, उंच, बोलायला मोकळ्या. त्यांची मुलगी श्रुती मला मोबाइलवर रील्स दाखवत होती. "हँडल नको हं ताई, हँडल आता कोणी लावतच नाही."

"तुले काय लावायचं ते लाव," काकू म्हणाल्या. "मले रंगाचं काही नाही. मले फक्त ओटा उंच पायजे."

जुना ओटा खरंच फार खाली होता. तो त्यांच्या सासूबाईंच्या उंचीप्रमाणे बांधलेला.

"त्या होत्या एवढ्याशा," काकू हसल्या. "अठरा वर्सं झाले, वाकून वाकून पोया लाटून राहिली मी. संध्याकाळी पाठ म्हणते, आता मले काढून ठेव. एकदा ताठ उभं राहून सैपाक करायचा आहे, बस."

मी त्यांना ओट्याशी उभं केलं. हात वाकवायला सांगितला. टेपचं टोक फरशीला टेकवलं, पट्टी सरळ वर कोपरापर्यंत नेली आणि वाचलं.

तेहेतीस.

एवढ्या उंच बाईचं कोपर तेहेतीस इंचांवर असूच शकत नाही. मी पट्टी सोडली, पुन्हा लावली. तेहेतीस. मी वहीत लिहूनही टाकलं, सवयीने. मग टेप दाराच्या चौकटीला लावून पाहिला. चौकट बरोबर चौऱ्याऐंशी, नेहमीचे सात फूट. टेप ठीक होता.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"काही नाही काकू, परत एकदा."

गजाननभाऊंचा टेप मागून घेतला. तिसऱ्यांदा मोजलं. तेहेतीस. मी गुडघ्यावर होते आणि वर बघायचं धाडस होत नव्हतं.

"ताई, टेप उलटा धरला काय?" गजाननभाऊ हसत पुढे आले. त्यांनी वहीत डोकावलं. "तेहेतीस? अवं, उभ्या हायेत त्या, बसल्या नाहीत." माझ्या हातातून टेप घेऊन त्यांनी मोजलं. "चाळीस. लिवा. ओटा छत्तीस."

मी तेहेतीस खोडलं, चाळीस लिहिलं. श्रुती फिदीफिदी हसली. काकू हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत होत्या. त्या आकड्याचा फोटो काढावा हे मला सुचलंच नाही.

जूनअखेरीस किचन बसलं. हिरवे शटर, छत्तीस इंचांचा ओटा. काकूंनी पोळ्या लाटतानाचा फोटो पाठवला. पाठ अगदी ताठ.

जानेवारीत त्यांच्या घरून शोरूमला फोन आला. ओट्याची उंची कमी करून हवी होती.

आम्ही दोघं गेलो. दार श्रुतीने उघडलं. दिवाळीनंतर काकूंची स्कूटी घसरली होती. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता काठी घेऊन चालता येत होतं, पण पाच मिनिटांच्या वर उभं राहता येत नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हे असंच राहणार. त्या किचनमध्ये एका उंच लाकडी स्टुलावर बसल्या होत्या. ओटा जवळजवळ छातीपर्यंत येत होता.

"या," त्या म्हणाल्या. "आता बसल्या बसल्या घ्या माप."

मी टेप काढला नाही. गजाननभाऊंनी मोजलं. पट्टी वर गेली, थांबली. त्यांनी टेपकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"किती?" श्रुतीने विचारलं.

"तेहेतीस," ते हळूच म्हणाले.

तीच वही माझ्या बॅगेत होती. मेच्या पानावर खोडलेला आकडा अजून वाचता येत होता. मी बॅग उघडली नाही.

निघताना काकूंनी माझा हात धरला. "त्या दिवशी तुमी तीनदा मोजलं होतं. काय दिसलं होतं ताई, तुमाले?"

"टेप खराब होता काकू," मी म्हटलं.

त्यांनी हात सोडला. बसमध्ये मूर्तिजापूर येईपर्यंत गजाननभाऊ टेपची पट्टी बाहेर ओढत आणि परत आत सोडत होते.

मी काय सांगायला हवं होतं? जपून चालवा? स्टूल घेऊन ठेवा? तेव्हा मला तरी काय कळलं होतं... एक चुकलेला आकडा फक्त. पण मी गप्प बसले, आणि गप्प बसण्याची माझी सवय जुनी आहे, हेही खरं आहे. तेव्हापासून साइटवर कोपराचं माप गजाननभाऊच घेतात. का ते मी त्यांना सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही.

गेल्या आठवड्यात आमच्याच घरचा ओटा बदलायचं ठरलं. संध्याकाळी आई किचनमध्ये सरळ उभी राहिली, हात कोपरात वाकवला. "घे नं माप."

"चौतीस चालतं सगळ्यांना," मी म्हटलं. "स्टँडर्ड आहे."

"लोकाइच्या घरी मोजत फिरते, अन् माह्याच घरी काहून नाही?"

ती तशीच उभी होती, हात वाकवून, हसत. टेप माझ्या पर्समध्ये होता. अजून तिथेच आहे.