गाळ तपासणारे मावसाजी

जगात फुकट काम करणारा माणूस असतो, यावर आमच्या मावसाजींचा, म्हणजे मावशीच्या यजमानांचा, मरेपर्यंत विश्वास बसला नाही. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी कारंज्याच्या आमच्या गल्लीत मंडळ निघालं. उन्हाळ्यात एकेका घरची विहीर सगळ्यांनी मिळून उपसायची असं ठरलं, तेव्हा गल्लीला आनंद झाला आणि मावसाजींना ताप चढला. लोक एवढ्या हौसेने विहिरीत उतरताहेत म्हणजे खाली नक्की काहीतरी आहे! मग मंडळावर नजर ठेवता यावी म्हणून ते मंडळाचेच सभासद झाले, आणि खरं सांगतो, असा सभासद मंडळाला पुन्हा मिळाला नाही. काठावर बसून वर आलेली प्रत्येक टोपली ते हाताने चिवडत. गाळात तांब्या सापडला तर बायकांची उलटतपासणी घेऊन मगच तो परत करत. देवळाच्या पुजाऱ्यालासुद्धा स्वतःची पळी सहजासहजी मिळाली नाही. त्यामुळे झालं काय, की मावसाजी बसलेत म्हटल्यावर कोणीही बिनघोर आपली विहीर मंडळाच्या हवाली करू लागलं.

स्वतःच्या विहिरीला मात्र ते कोणाला हात लावू देईनात. आज गाळ काढतील, उद्या मालकी सांगतील, हे त्यांचं पक्कं मत. विहीर गाळाने भरून आटली आणि बिचारी मावशी दुखरे गुडघे घेऊन गल्लीच्या पार टोकावरून घागरी आणू लागली. मला तर मावसाजींचा भारी राग यायचा. एक दिवस मारुतीच्या पारावर मंडळाची बैठक चालू असताना मावशीच तिथे येऊन उभी राहिली. बाईमाणसाने बैठकीत येण्याची रीत नव्हती. आमची विहीर उपसून द्या, म्हणाली. मंडळाचे प्रमुख शिंपीकाका चपापले. घरधन्याच्या होकाराशिवाय उतरायचं नाही असा नियम, आणि घरधनी पुढ्यातच बसलेले.

"पानी मी वाह्यतो," मावशी म्हणाली, "मंग होकार त्याइचा कायले?"

शिंपीकाकांनी दुसऱ्या दिवशीची सकाळ ठरवून टाकली. सकाळी मंडळी मावशीकडे गेली तर मावसाजी धोतराचा काचा मारून तयार. खाली काय निघतं ते आपणच पाहणार, म्हणे. कमरेला दोर बांधून ते निम्म्यात उतरले, आणि ज्यांच्यावर इतके दिवस पाळत ठेवली त्यांच्याच हाती आपला दोर आहे, हे तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं असावं.

"नीट धरजा रे बाप्पा," खालून आवाज आला.

शिंपीकाकांनी दोराला आणखी एक वेढा हाताभोवती घेतला. दिवसभर मावसाजी खालून टोपल्या भरून देत राहिले. वर त्या कोण चिवडतंय, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही.

झरा मोकळा झाला, पाणी निवळलं. मावशीने पहिली घागर शेंदली, तशी मावसाजींनी ती तिच्या हातातून घेतली आणि खांद्यावर ठेवली. गल्लीतल्या एकाही पुरुषाने तोवर असं केलं नव्हतं. कुंपणापलीकडे कोणी हसतंय का, हे त्यांनी चारी बाजूंना संशयाने पाहून घेतलं. कोणी हसत नव्हतं. मागून मावशी चालली होती, आणि रिकामे हात कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हतं.