नेल्डाबाई आणि उजवी खुर्ची

नेल्डाबाई प्रुइट यांच्याकडे रस्ता विचारायला येणारा माणूस आधी आपल्या इंजिनाची फुशारकी मारतो. ताकद किती, आत राहता येईल अशा त्या घरगाडीची लांबी किती, मागे जोडलेली मोटार केवढी, ब्रेक कोणते. बाई विणकाम करत ऐकतात, निदान ऐकल्यासारखं करतात. त्याचं आटोपलं की विचारतात, "उजव्या खुर्चीत कोण बसतं?"

पुष्कळांना हा प्रश्न अपमानासारखा वाटतो, कारण चालवणारा डावीकडे बसतो. गेल्या वर्षी टेक्सासचा एक गृहस्थ आला होता, त्याची गाडी म्हणजे चाकांवरचं सभागृहच. तो म्हणाला, बायको बसते, पण चालवतो मी. बाई म्हणाल्या, "तुला कोण विचारतंय? तू डावीकडे, रस्त्याच्या मधल्या रेषेला धरून बसलेला असतोस. दरी असते तिच्या पायांखाली. तिला बोलाव." बायको आली, दोन मिनिटं बोलली, आणि बाईंनी त्या सभागृहाला तीनशे मैलांच्या वळशाने पाठवून दिलं. गृहस्थ फुगून गेला. यंदा बायकोने बाईंसाठी चेरीचा केक आणला. एका जोडप्याने सांगितलं होतं की उजव्या खुर्चीत आमचं मांजर बसतं. बाई म्हणाल्या, मांजराला चालेल, जा.

कोलोरॅडोत हॅचेटच्या घाटाच्या पायथ्याशी क्विल क्रीक नावाचा घरगाड्यांच्या मुक्कामाचा तळ आहे. मे ते ऑक्टोबर बाई त्याची देखरेख करतात. वय चौऱ्याहत्तर, उंची साधारण पोस्टाच्या पेटीएवढी. त्याआधी सत्तावीस हिवाळे त्यांनी याच घाटात सरकारी ट्रकने बर्फ ढकलला. घाटाला कठडा नाही. कठडा घातला तर बर्फ ढकलायचा कुठे, असं बाई विचारतात, आणि तेही अशा अभिमानाने की जणू कठडा त्यांनीच उपटून टाकला.

आता आमच्याबद्दल. मी वेंडेल क्राउस, नेब्रास्काचा. आमच्याकडे उंच म्हणावं असं एकच, धान्याचं कोठार, आणि त्याच्या तळाशी वजनकाट्यावर मी पस्तीस वर्षं काढली. डोंगर दुरून साजरे, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. माझी बायको आर्डिस हिने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. निवृत्त झाल्यावर आम्ही घर विकून ही घरगाडी घेतली. ती चालवते आर्डिस. मागे जोडलेली छोटी हिरवी मोटार माझी. तळावर पोचलो की तिच्यातून मी दूध, पाव, वर्तमानपत्र आणतो. अकरा वर्षं झाली.

या अकरा वर्षांत आर्डिसने माझ्यापायी एकूण एक डोंगराला वळसा घातला. जिथे वळसा नव्हता तिथे मी डोळे मिटून कण्हत होतो. शेवटी एप्रिलमध्ये ती म्हणाली, अगदी शांतपणे म्हणाली, म्हणून मला जास्त लागलं, "वेंडेल, बसमध्ये माझ्यामागे चाळीस पोरं ओरडायची. त्यांचा तुझ्याएवढा त्रास झाला नाही. लॅव्हॉनच्या लग्नाला जाऊ आणि मग गाडी विकून टाकू."

लॅव्हॉन तिची धाकटी बहीण. सहासष्टाव्या वर्षी ती पुन्हा लग्नाला उभी राहिली होती, घाटापलीकडच्या अर्जेंटा गावात, व्हायोलिन वाजवणाऱ्या एका माणसाशी. नवऱ्यामुलाचा एक चुलतभाऊ रविवारी आमची गाडी बघायला येणार, असंही ठरून गेलं होतं. मला गाडी विकायची नव्हती. सकाळी दारापुढे दोन घडीच्या खुर्च्या टाकायच्या आणि कॉफी पीत आज कुठलं अंगण आहे ते बघायचं, या सुखाची मला चटक लागली होती. गाडी गेली की लिंकनमध्ये आर्डिसच्या मावसबहिणीच्या शेजारी दोन खोल्या. ती मावसबहीण दिवसभर बोलते.

म्हणून मी ठरवलं, यावेळी वळसा नाही. हॅचेटवरून जायचं, अडतीस मैल, आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही.

शुक्रवारी दुपारी नेल्डाबाईंच्या टेबलापाशी गेलो. त्यांनी प्रश्न विचारला. तो पुरा व्हायच्या आत मी म्हणालो, "मी बसतो. मला काही होत नाही, उलट झोप लागते." आर्डिस आपल्या बुटांकडे बघत राहिली. नवऱ्याची लाज राखायला तिने मूग गिळले. बाईंच्या सुया क्षणभर थांबल्या.

"मग हॅचेट," त्या म्हणाल्या. सकाळी आठला निघा, दुपारनंतर वर विजा पडतात. मागे रांग लागली तर जागा बघून बाजूला व्हा. उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. दाबा, सोडा, बाकीचं गिअरला करू द्या. एवढं सांगून त्या पुन्हा विणायला लागल्या.

सकाळी आम्ही मोटार जोडली. हे आमचं रोजचं भांडण. आर्डिस आत बसून दिवे लावते, मी मागे उभा राहून डावा, उजवा, ब्रेक असं ओरडतो, आणि मी चुकीच्या दिव्याचं नाव घेतलं असं तिला नेहमी वाटतं. पण एकदा जोडलेली मोटार मुक्कामाआधी सोडायची नाही, हा आमचा बाणा होता. घाटाच्या पायथ्याशी मोटार सोडणारे लोक दिसले की आम्ही एकमेकांकडे बघून हसायचो. नवशिके, बिचारे.

पहिलं वळण पार पडलं, दुसरंही. तिसऱ्या वळणावर माझी गाठ खऱ्या हॅचेटशी पडली. घरगाडीत ती उजवी खुर्ची पुढच्या चाकांच्याही पुढे असते. वळण घेताना चालवणारा आधी सरळ पुढे जातो आणि मग चाक फिरवतो. म्हणजे रस्ता संपतो, चाकं अजून रस्त्यावर असतात, आणि माझे गुडघे दरीवर. खाली चांदीच्या खाणीची पडकी छपरं दिसत होती, काडेपेट्यांएवढी. उसनं अवसान कुठल्या कुठे गेलं. मी ओरडलो, आणि सांगायला लाज वाटते, आर्डिसचा हात धरला.

तिने हात सोडवून घेतला, चौथ्या वळणाशी रुंद जागा होती तिथे गाडी घेतली आणि इंजिन बंद केलं.

"काल खोटं का बोललास?" तिने विचारलं.

मी म्हणालो, गाडी विकायची नव्हती म्हणून.

आता पुढे जायला मी तयार नव्हतो आणि मागे जाता येत नव्हतं. मोटार जोडलेली असताना घरगाडी चार पावलंसुद्धा मागे घेता येत नाही. मोटारीची चाकं भलतीकडे वळतात आणि जोडणी मोडते. मी खाली उतरून मोटारीच्या चाकाला टेकून बसलो. एवढ्यात खालून नेल्डाबाईंचा जुना पिकअप आला. बाई कॉफीचा थर्मास घेऊन उतरल्या आणि म्हणाल्या, टपाल आणायला निघाले होते. आर्डिसने आठवण करून दिली की पोस्ट खाली आहे.

"तू फार चटकन उत्तर दिलंस," बाई मला म्हणाल्या. "ज्याला खरंच झोप लागते तो आधी हसतो."

मग ठरलं की मोटार सोडायची, आर्डिसने घरगाडी तशीच मागे मागे दीड मैल उतरवायची आणि वळसा घालून रात्रीपर्यंत अर्जेंटा गाठायचं. लग्न चारचं होतं. ते चुकणार हे तिघांनाही कळत होतं. आर्डिसचे डोळे भरून आले होते आणि मला स्वतःची किळस वाटत होती.

चढावर जोडणीच्या खिट्या आवळून बसल्या होत्या. बाईंनी पिकअपमधून हातोडा आणून दोन घाव घातले तेव्हा त्या निघाल्या. साखळ्या काढल्या, दांडा दुमडला, आणि घरगाडीला मागची जागा मोकळी करून द्यायला मी हिरव्या मोटारीत बसलो. ती चालू करून पलीकडे, रस्त्याच्या कडेला नेऊन उभी केली. बाई खिडकीशी आल्या.

"आता भीती वाटतेय?"

मी बघितलं. दरी तिथेच होती. काडेपेट्याही तिथेच होत्या. हात चाकावर होते आणि डोळे मिटावेसे वाटत नव्हते.

"नाही," मी म्हणालो. माझा माझ्यावरच विश्वास बसेना.

बाईंनी थर्मास मोटारीच्या टपावर ठेवला. "माझा नवरा हार्लन छातीच्या दुखण्यासाठी दोन वर्षं पलीकडच्या डॉक्टरकडे जायचा. दर गुरुवारी. मी चालवायचे आणि तो तोंडावर टोपी ओढून बसायचा. मी म्हणायचे, अरे काही नाहीये तिथे, मी रोज जाते. पण तू चालव, असं मी एकदाही म्हटलं नाही. सुचलंच नाही. माझा घाट होता ना." मग त्यांनी टपावर थाप मारली. "तो गेल्यावर सुचलं. त्या दिवसापासून सगळ्यांना तो प्रश्न विचारते. तू जा वर. हिच्या मागोमाग जा."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. अकरा वर्षं आम्ही औषध मागे बांधून ओढत होतो, आणि ते सोडत नाही म्हणून मिरवत होतो.

आर्डिसने ऐकलं, आणि तिच्या चेहऱ्यावर शाळेची बसवाली उतरली. लांबून बोलायची दोन छोटी यंत्रं, वॉकीटॉकी, आमच्याकडे होती. एक तिने मला दिलं, आणि दुसऱ्यावर बोलायला कुणीतरी हवं, तिचे दोन्ही हात चाकावर असणार, म्हणून बाईंना म्हणाली, तुम्ही माझ्याबरोबर बसा, तशाच लग्नाला चला. बाई म्हणाल्या, या बुटांवर? आर्डिस म्हणाली, लॅव्हॉनसुद्धा बुटांवरच उभी राहणार आहे. पिकअपला कुलूप लागलं.

त्यानंतरचा पाऊण तास मी आयुष्यात विसरणार नाही. अकरा वर्षं मी त्या घरात राहिलो, पण ते चालताना बाहेरून कधी बघितलंच नव्हतं. मागच्या खिडकीतला आमचा निळा पडदा, शिडीला बांधलेल्या त्या दोन खुर्च्या, आणि सगळं बिऱ्हाड असं अलगद वळणात शिरायचं की आत कपबशी हलत नसेल. मागे गाड्या साचल्या की आर्डिस जागा बघून बाजूला व्हायची, मी तिच्यामागे थांबायचो, आणि पुढे जाणारे भोंगा वाजवून तिला सलाम करायचे. इतकी सुरेख गाडी चालवणाऱ्या बाईचा हात मी धरला होता. मला रडू आलं, पण ते चांगलं रडू होतं, आणि दिसत सगळं नीट होतं.

यंत्रातून सुरुवातीला बाईंचा आवाज येत होता. पुढे ट्रक आहे, थोडं अंतर ठेव. मग तो येईनासा झाला. मला वाटलं, बॅटरी गेली.

माथ्यावर गाड्या उभ्या करायला मोठी जागा आहे. बर्फ अजून होता आणि ऊन लख्ख. घरगाडीचं दार उघडलं आणि नेल्डाबाई पायरीवरच बसल्या. चेहरा पांढरा, दोन्ही हात दाराच्या दांड्याला. मी धावलो.

"सत्तावीस वर्षं," त्या म्हणाल्या, "आणि त्यानंतरही स्टिअरिंग माझ्याच हातात. त्या बाजूला मला कधी कुणी बसवलंच नाही." मग त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या. "किती खोल आहे रे ते. हार्लन खरं सांगत होता. आणि मी त्याला म्हणायचे, काही नाहीये तिथे."

मी त्यांना त्यांच्याच थर्मासमधली कॉफी ओतून दिली. आर्डिस तोवर कड्याच्या टोकाशी उभी होती. मी दहा पावलं मागे थांबून तिला हाक मारली, कारण हातात चाक नव्हतं. ती परत आली, माझी कॉलर सारखी केली आणि म्हणाली, "रविवारी येणाऱ्या त्या माणसाला नको म्हणून कळवायला हवं."

"का?" मी मुद्दाम विचारलं.

"आजवर प्रत्येक घाटात मी तुझं कण्हणं ऐकत आले. हा पहिला घाट मी बघितला." मग म्हणाली, "अजून पुष्कळ राहिलेत."

साडेअकरा झाले होते. आता उताराचे दहा मैल आणि पुढे सपाट रस्ता. लग्नाला वेळच वेळ. आर्डिस आपल्या जागेवर चढली. नेल्डाबाई उठल्या, बूट झटकले, उघड्या दाराकडे एकदा बघितलं आणि सरळ हिरव्या मोटारीपाशी येऊन माझ्या शेजारचं दार उघडलं.

"मी वेंडेलबरोबर येते," त्यांनी आर्डिसला ओरडून सांगितलं. "भीती म्हणजे काय ते त्याला माहीत आहे. तो हळू नेईल."

मी हळू नेलं.