मार खाऊन हसणारी

माझ्या भाचीचं नाक दोनदा मोडलेलं आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण हल्ली तिला मालिकेत पाहणारे लोक मला भाजीच्या दुकानात गाठून विचारतात, की ते नाक मुळात तसंच आहे की मेकअपवाला रोज तिरकं करतो. तसंच आहे. पहिल्यांदा ते स्पर्धेत एका डावखुऱ्या मुलीने मोडलं आणि दुसऱ्यांदा सरावात तिच्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीने. दोन्ही वेळा बाईसाहेब नाकात कापूस कोंबून घरी आल्या त्या हसत हसत. माझ्या धाकट्या बहिणीने, म्हणजे तिच्या आईने, रडून घर डोक्यावर घेतलं आणि ही आपली आरशात वाकून बघतेय, नवं नाक शोभतंय का.

हे हसणं तिच्या सरांनी शिकवलेलं. पोहण्याच्या तलावाखाली, जिथे पाण्याचे पंप घरघरत असतात त्या मजल्यावर, त्यांचा बॉक्सिंगचा हॉल होता. भिंतींना कायम ओल. छताला टांगलेल्या बॅगा चिकटपट्ट्यांनी इतक्या ठिकाणी सांधलेल्या, की मूळ कातडं कुठलं ते कळू नये. मी तिथे एकदाच गेले आणि ओल्या मोज्यांच्या वासाने लगेच परत फिरले, पण तेवढ्यात सरांचा मुख्य धडा कानावर पडला. "लागलं तर हसायचं," ते मुलींना सांगत होते. "कुठे लागतंय ते समोरचीला कळलं, की ती तिथेच मारत बसेल." आणि नुसतं सांगून थांबत नसत. मुली समोरासमोर उभ्या राहून एकमेकींच्या पोटात ठोसे हाणत, आणि जिचा चेहरा आक्रसला तिने बाजूला जाऊन दोरीच्या उड्या मारायच्या. माझी भाची कधी बाजूला गेली नाही. तिला सगळे हातोडी म्हणत. घरातही तेच नाव रूढ झालं, कारण तिचं खरं नाव फारच नाजूक होतं आणि तिला ते कुठूनच बसत नव्हतं.

तिचे वडील, माझे मेहुणे, लिफ्ट दुरुस्त करायचे. उंच इमारतींच्या अगदी माथ्यावर मशीनची खोली असते, तिथे दिवसभर तेला-ग्रीसमध्ये माखून बसायचे. लिफ्टखेरीज त्यांना एकच वेड, लेकीच्या लढती. कामावरून तसेच काळ्या हातांनी येऊन पहिल्या रांगेत बसत आणि ती जेवढे ठोसे मारी तेवढे हेही हवेत मारत. शेजारची खुर्ची रिकामीच राहायची. ज्याने एकदा त्यांच्या कोपराचा प्रसाद खाल्ला तो दुसऱ्यांदा बसतोय कशाला.

एका दुपारी मशीनच्या खोलीत त्यांच्या हातातून पाना निसटला. उचलायला वाकले ते वाकलेच राहिले. डाव्या अंगावरून वारं गेलं होतं. जीव वाचला, पण अर्धा चेहरा ओघळला, डावा हात लोंबकळू लागला आणि बोलणं तोंडात गोटी धरल्यासारखं झालं. काम अर्थातच सुटलं. बहीण घरी पडदे शिवत असे. आतापर्यंत ती हौस होती, आता त्यावर घर चालवायचं होतं.

हातोडीची निवड चाचणी तोंडावर आली होती. ज्या लढतीसाठी ती शाळेत असल्यापासून घाम गाळत होती ती लढत. ती हॉलवर गेली, ग्लोव्हज सरांच्या हातात दिले आणि घरी येऊन हसत हसत म्हणाली, तसाही मला कंटाळाच आला होता. सगळ्यांनी ते खरं धरलं. हसून सांगणाऱ्या माणसाची उलटतपासणी कोण घेतं? मेहुण्यांनी तर महत्प्रयासाने दोन शब्द जुळवले. नाक वाचलं, म्हणाले. आम्हाला ते कळायला वेळ लागला आणि कळल्यावर सगळे हसलो. ती सगळ्यात मोठ्याने.

मग तिने एका व्यायामशाळेत बायकांना व्यायाम शिकवायची नोकरी धरली. हातात चहाचा कप घेऊन चालण्याच्या पट्ट्यावर चढणाऱ्या बायका. त्यातल्या एकीचं काम मालिकांमध्ये कपडे सांभाळण्याचं. तिने विचारलं, आमच्या नायिकेच्या जागी जिन्यावरून पडायला एक मुलगी हवी आहे, येतेस का? हातोडी गेली आणि इतकी झकास पडली, की त्यांनी तिला आणखी दोन मालिकांत पाडलं. तिसऱ्या ठिकाणी पडून उठल्यावर तिने खलनायकाला सांगितलं, की तुमचा अंगठा मुठीच्या आत आहे, असा ठोसा मारलात तर माझं काही होणार नाही, तुमचा अंगठा मात्र जाईल. खलनायक चिडला. दिग्दर्शक मात्र खुर्चीत पोट धरून हसला आणि हिला बोलतं काम द्या म्हणाला.

काम होतं एका घमेंडखोर बाईच्या धाकट्या मुलीचं. हातोडीला ते इतकं आवडलं की घरात कुणाला उसंत मिळेना. शिवायला पडलेल्या पडद्यांच्या ढिगापुढे उभी राहून संवाद म्हणायची, चुकलं की स्वतःवर वैतागायची, परत पहिल्यापासून. मेहुणे पलंगावरून टाळी वाजवायचे, म्हणजे चांगला हात मांडीवर मारायचे. ग्लोव्हज सुटल्यापासून ती एवढी कशावर चिडलेली मी पाहिली नव्हती. मला फार बरं वाटलं.

आणि मग तो थपडेचा सीन आला. घमेंडखोर आई मुलीच्या थोबाडीत मारते, घराबाहेर काढते आणि मुलगी कोसळते. मुलगी नीट कोसळली, तर तिची गोष्ट पुढे महिनोन्‌महिने चालणार. न कोसळली, तर मालिकेत अशा पात्रांचं काय करतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. एका वाक्यात शिकायला परदेशी पाठवतात आणि त्यांचं नाव पुन्हा कुणी काढत नाही.

त्या दिवशी बहिणीच्या हट्टामुळे मी तिच्या सोबतीला गेले. जिच्या एका ठोशात धडधाकट पुरुष आडवा होईल तिच्या संरक्षणाला मी, दुखऱ्या गुडघ्यांची. तीन भिंतींचा दिवाणखाना, कुठेच न जाणारा जिना आणि खिडकीबाहेर बागेचं मोठं छायाचित्र. आवाज नको म्हणून पंखे बंद. कोपऱ्यातल्या खुर्चीत मी घामाघूम झाले होते.

आईचं काम करणाऱ्या बाई जुन्या जाणत्या नटी. त्यांनी नियमाप्रमाणे खोटी थप्पड मारली. हात गालाजवळून जातो, कॅमेऱ्याला लागल्यासारखा दिसतो, आवाज नंतर भरतात. हातोडी ढिम्म उभी. मान का नाही फिरवलीस, दिग्दर्शकाने विचारलं. ती म्हणाली, "लागलंच नाही तर फिरवू कशी?" हात गालापासून किती लांबून गेला तेही तिने बोटांनी दाखवलं. दोनतीनदा हेच झाल्यावर बाई म्हणाल्या, जाऊ दे, मी हलकीशी खरी मारते.

मारली. आणि हातोडी हसली.

मोठं हसू नव्हे. ओठाचा एक कोपरा वर, डोळे बाईंच्या डोळ्यांत. रिंगमधलं अस्सल हसू, एवढाच जोर आहे का असं विचारणारं. "अगं बाई," दिग्दर्शक म्हणाला, "तुला घरातून हाकललंय, बक्षीस नाही दिलेलं." तिने माफी मागितली. परत थप्पड, परत हसू. तिला स्वतःला कळतही नव्हतं. पडद्यावर दाखवलं तेव्हा तिचा स्वतःवर विश्वास बसेना. तिने ओठ दाताखाली धरून पाहिला, तर डोळे हसले. कॅमेरावाला तोंडात रुमाल कोंबून उभा होता. बाईंचा तळहात लाल झाला तेव्हा त्यांनी बर्फ मागवला. गालाला कुणी विचारलं नाही.

शेवटी दिग्दर्शकाने सांगून टाकलं. उद्या सकाळी पहिला सीन हाच, आणि तेव्हाही जमलं नाही तर मुलगी परदेशी. परतताना मी तिला म्हटलं, दुःखी चेहरा करणं एवढं काय अवघड आहे, लोक जन्मभर फुकट करतात. तेव्हाही ती हसलीच. मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, पण उपयोग काय.

संध्याकाळी मेहुण्यांच्या चेहऱ्याचा व्यायाम असे. फिजिओथेरपीच्या मुलीने शिकवून ठेवलेला. हातोडी समोर बसून गाल फुगवणार, भुवया उडवणार, ओठांचा चंबू करणार आणि ते पाहून त्यांनी तसंच करायचं. त्या दिवशी तिचं लक्ष नव्हतं. त्यांनी काय झालं विचारलं, तर तिने सगळ्यांच्या नकला करत दिवसभराची फजिती सांगितली. बाई, बर्फ, रुमाल. बहिणीने मशीन थांबवून हसून घेतलं. मेहुणे तर अर्ध्या तोंडाने इतके हसले की हनुवटी पुसावी लागली.

आणि पुसता पुसताच त्यांनी तिचं मनगट धरलं. "ग्लोव्हज," म्हणाले. आम्हाला काही उमजेना. मग एकेक शब्द ओढून काढत त्यांनी विचारलं, "ग्लोव्हज दिलेस. तेव्हा पण हसलीस. लागलं होतं?"

हातोडीच्या ओठाचा कोपरा वर जायला लागला. मी समोरच होते, मी पाहिलं.

"नको," मेहुणे म्हणाले. "मी नाही मारणार तिथे."

कोपरा अर्ध्यावरच थांबला. ती म्हणाली, "हो. खूप लागलं होतं." आणि जे काही इतके महिने नाकातोंडाआड कोंडून ठेवलं होतं ते बाहेर आलं. तिचं नाक मोडलं तेव्हा ती रडली नव्हती, वडिलांना दवाखान्यात नेलं तेव्हा रडली नव्हती. आता त्यांच्या मांडीवर डोकं टेकून पोरीने असा सूर लावला की बहीण हातातली कात्री टाकून धावली. मेहुणे एकाच हाताने तिच्या पाठीवर थोपटत होते आणि चाचणी सोडताना लागलं हे तेव्हाच का सांगितलं नाही म्हणून तिच्यावर ओरडतही होते. मी चहा टाकायला आत गेले. तिघं एकमेकांत एवढे गुंतले होते की चौथीची तिथे अडगळ होती.

सकाळी तिचे डोळे बेडकासारखे सुजलेले. मेकअपवाला बोंबलला. दिग्दर्शकाने पाहिलं आणि म्हणाला, असू दे.

बाई पुढे आल्या. ठरल्याप्रमाणे बोलल्या, ठरल्याप्रमाणे हात उगारला. आवाज माझ्यापर्यंत आला. हातोडीची मान वळली आणि वळलेलीच राहिली. मी श्वास रोखून ओठाचा कोपरा बघत होते. तो हलला नाही. मग तिने हळूच मान परत आणली आणि बाईंकडे पाहिलं, एवढंच. हात-पाय गाळले नाहीत, हुंदका नाही. पण लागलं होतं, कुठे लागलं होतं तेही दिसत होतं, आणि मारायचं तर अजून मारा असं तिने ते उघडं ठेवलं होतं.

यावर बाईंनी दाराकडे बोट दाखवून "चालती हो" म्हणायचं होतं. बोट वर गेलं. चाळीसेक वर्षं संवाद म्हणणारी बाई, तिला दोन शब्द आठवेनात. बोट खाली आलं, त्या दोन पावलं पुढे झाल्या आणि त्यांनी पोरीला कवेत घेतलं. मग हातोडी कोसळली, अगदी कागदावर लिहिल्याप्रमाणे, फक्त जमिनीऐवजी बाईंच्या खांद्यावर.

कॅमेरावाल्याने दिग्दर्शकाकडे पाहिलं. त्याने कट म्हणायला फार वेळ लावला, आणि म्हटल्यावर मात्र त्याचा पारा चढला. पुढचे सगळे भाग मुलगी घराबाहेर असण्यावर बेतलेले, रस्त्यावरचं चित्रीकरण ठरलेलं. हे काय करून ठेवलंत तुम्ही, त्याने बाईंना विचारलं. बाई पदराने डोळे टिपत होत्या आणि मेकअप पुसला गेल्याबद्दल आधी त्यांनी मेकअपवाल्यालाच झापलं. मग दिग्दर्शकाला म्हणाल्या, "या पोरीला मी घराबाहेर काढणार नाही. काय ते तुमच्या लेखकाला सांगा."

लेखकाला फोन लागला. तो इतक्या जोरात ओरडत होता की माझ्या खुर्चीपर्यंत ऐकू येत होतं. मालिका कोण लिहितंय, मी की बाई, असा एकंदर सूर. दिग्दर्शकाने वाद घातला नाही. पडद्यावर सीन पुन्हा लावला आणि फोनचा कॅमेरा चालू करून तो पडद्यासमोर धरला. ओरडणं बंद झालं. सीन संपल्यावर पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. दिग्दर्शकाने हातोडीकडे वळून पाहिलं. "जिन्यावरून पडायची," तो म्हणाला.

मग आम्हाला सांगण्यात आलं की थांबा, नवीन पानं लिहून येताहेत. बाईंनी हातोडीला आपल्या खोलीत जेवायला बोलावलं. मला पण बोलावलं, पण मी आधी बहिणीला फोन लावला, कारण घरी दोघं सकाळपासून जीव मुठीत धरून बसली होती. फोन मेहुण्यांनीच उचलला. मी म्हटलं, परदेशी जात नाही ती. त्यांनी काहीतरी लांबलचक सांगितलं. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही, पण ठोशांचे दणके ऐकू येत होते आणि मागून बहीण म्हणत होती की अहो, हळू, पलंग मोडेल.