बटलरच्या वाट्याची ओळ

“पडद्यावर मी इतक्यांदा मेलो, पण शेजारच्या खोलीतलं कुणी कधी जागं झालं नाही,” असं अँटन व्राबेत्स मला एकदा म्हणाला होता. चित्रपट तेव्हा मुके होते, आणि ही तक्रार नव्हती. चांगलं मरता येतं याचा त्याला अभिमान होता.

पडद्यावर त्याचं नाव अँथनी व्हर्न. आमच्या गोवर रस्त्यावरच्या चित्रपट कंपनीत सगळे त्याला बाबा म्हणत. नायकाचा बाप, गावचा पाद्री, बुडत्या जहाजाचा कप्तान, न्यायाधीश. कथा त्याच्याजवळून पुढे निघून जायची आणि तो दारात उभा राहून तिच्याकडे बघत राहायचा. लोक थिएटरातून बाहेर पडताना म्हणायचे, तो म्हातारा बरा होता. कुठला म्हातारा, हे त्यांना सांगता आलं नसतं.

मी सॉल लिपमन. सेटवर व्हायोलिन वाजवायचो, नटांना रडू यावं म्हणून. दृश्य चालू असताना आमचा दिग्दर्शक हार्लन पिट खुर्चीतून बोलत राहायचा, “आत ये, बाबा. सावकाश. तिच्याकडे बघ. आता तुला कळलंय. आता बस.” त्याचा आवाज आणि माझं वाजवणं, या दोन दोऱ्यांवर बाबा वर्षानुवर्षं चालला. पडला नाही.

मग चित्रपटांना आवाज आला. कॅमेऱ्याची घरघर ऐकू येऊ नये म्हणून त्याला चालवणाऱ्या माणसासकट काचेच्या खोलीत कोंडलं. पंखे बंद झाले. भिंतींवर जाड गाद्या ठोकल्या. पिटला चालू दृश्यात खोकायचीसुद्धा बंदी आली. माझं तर कामच संपलं होतं, पण पिटनं मला दारावर बसवलं. लाल दिवा लागला की कडी लावायची. तो विझेपर्यंत कुणी आत येणार नाही, कुणी बाहेर जाणार नाही. वाजवणाऱ्याला शांततेची राखण दिली.

बाबाचा करार त्या महिन्यात संपत होता. नव्या चित्रपटात तो बटलर होता आणि त्याला एकच ओळ होती. ट्रे घेऊन यायचं, टेबलावर ठेवायचा, आणि लढाईवर गेलेल्या मुलाची वाट बघणाऱ्या बाईला सांगायचं, “बाईसाहेब, धाकटे मालक आता येणार नाहीत.” आणि डोळे भरायचे. पिटनं आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, “कंपनीचे मालक हे दृश्य ऐकणार आहेत. त्यांना पटलास तर करार पुढे. नाहीतर माझ्या हातात काही नाही, बाबा.”

बाबा साठीचा. चित्रपटांखेरीज त्याला एकच धंदा ठाऊक होता, कोळशाच्या खाणीतला, आणि तिकडे परत जायचं वय गेलं होतं.

त्या सकाळी समोरच्या खाणावळीत आम्ही कॉफी घेत होतो. भोवती रंगवलेल्या तोंडांचे गुराखी आणि दोन कागदी पंखांच्या देवदूत मुली अंडी खात होत्या. बाबा कपात बघून ओळ घोकत होता. इंग्रजी त्याला चांगलं यायचं, पण शब्द तोंडातून निघताना जड व्हायचे, ओल्या लाकडासारखे.

वाढणारी मेबल कॉफी ओतत म्हणाली, “बाबा, तुमचे धाकटे मालक सकाळपासून मरतायत. आता पुरून तरी टाका त्यांना.”

गुराखी हसले. बाबाही हसला. कप उचलताना त्याची बशी वाजली, तशी त्यानं ती दुसऱ्या हातानं दाबून धरली.

पहिल्या वेळी तो ट्रे घेऊन आला, ट्रे ठेवला, आणि थांबला. मला लगेच कळलं. तो पिटच्या आवाजाची वाट बघत होता. ‘आता तुला कळलंय’ हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं. पिट खुर्चीत पुढे झुकला होता, तोंड उघडं, आवाज नाही. बाई झालेली लेनोर गेज चहाच्या भांड्याकडे बघत राहिली. शांतता भरत गेली, तळघरात पाणी भरतं तशी. शेवटी पिटनंच ती मोडली.

आवाज टिपायच्या खोलीतून ड्यूई बाहेर आला. टेलिफोन कंपनीतून आलेला, गोरापान, इस्त्रीतला माणूस. “मेणाची तबकडी वाया गेली,” तो म्हणाला. “तारांवरून ऐकताना वाटलं, सगळे घरी गेले.”

दुसऱ्या वेळी बाबानं ओळ म्हटली. एकही शब्द चुकला नाही. डोळे मात्र कोरडे होते.

“बाबा, पोरगा मेलाय,” पिट म्हणाला. “चहा गार झाला असं सांगितल्यासारखं काय सांगतोस?”

“चहा खरंच गार झालाय,” लेनोर म्हणाली. “आणि या दिव्यांखाली मी वितळले, तर ती ओळ माझ्यासाठी म्हणावी लागेल.”

दारं उघडून हवा आत घेतली. बाबा माझ्याकडे आला. कॉलर घामानं भिजली होती.

“सॉल, व्हायोलिन आहे?”

“कोटाखाली ठेवलंय. पण इथं वाजवलं तर दोघंही रस्त्यावर.”

“वाजवू नकोस. कॅमेऱ्याच्या बाजूला उभा राहा आणि नुसता गज फिरव. तारांना लागू देऊ नकोस.”

“त्यानं काय होणार?”

“मला दिसेल.”

मी पिटला विचारलं. त्यानं कपाळ चोळलं. “कडी लावून ये. पण तार वाजली, तर मी तुलाच वाजवीन.”

लाल दिवा लागला. मी व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं. तारेवर गज टेकवून वाजवणं सोपं असतं, तार हाताला आधार देते. हवेत केसभर वर धरून फिरवायचा म्हणजे सगळं वजन एकट्या दंडावर. मी जुनीच धून घेतली, जिच्यावर तो रडायचा. कपाळाचा घाम नाकावर उतरला. तो तारेवर पडला तर आवाज होईल का, हे मला माहीत नव्हतं. मान हलवायची हिंमत नव्हती.

बाबा आत आला. ट्रे ठेवला. त्याची नजर लेनोरच्या खांद्यावरून माझ्या गजावर आली आणि तिथेच राहिली. चेहरा हळूहळू उतरला. डोळे भरले. ओठ एकदा नुसतेच हलले, आणि मग तो बोलला.

स्लोव्हेनमध्ये. खाणीच्या गावच्या भाषेत, त्याच्या आईच्या भाषेत.

त्याला चूक म्हणवत नाही. मुक्या चित्रपटांत दुःखाची जागा आली की तो नेहमी त्याच भाषेत बोलायचा. मला ठाऊक होतं, पिटला ठाऊक होतं. पडद्यावर ओठ म्हणजे ओठ. शब्द नंतरच्या पाटीवर लिहून यायचे. धून आली, तिच्यामागोमाग भाषा आली.

लेनोरनं मान वर केली. त्या शब्दांतला एकही तिला कळला नसणार. तिच्या गालावरून पाणी ओघळलं, आणि ते दृश्यात लिहिलेलं नव्हतं. पिटनं थांबवलं नाही. माझा दंड भरून आला होता. बाबा बोलायचा थांबला तेव्हाच मी गज खाली घेतला.

“ही कुठली भाषा?” ड्यूईनं विचारलं.

“लाव ती तबकडी,” पिट म्हणाला. “मला ऐकायचीय.”

“लावली तर सुई मेण खरवडते. पुन्हा कामाला येत नाही.”

“कामाला कुठं येणार होती?”

भिंतीवरच्या कर्ण्यातून आधी खरखर आली, मग ट्रे टेकल्याचा आवाज, मग तो. खोल, थोडा फाटलेला, घाई नसलेल्या माणसाचा आवाज. दिवेवाले शिडीवर होते तिथेच थांबले. बाबानं स्वतःला असं पहिल्यांदाच ऐकलं. त्यानं गळ्याला हात लावला, तिथं काही दुखतंय का बघावं तसा. ओळ संपली आणि कर्णा नुसता खरखरत राहिला.

पिट उठला. बाबाच्या खांद्यावर हात ठेवला. तो वाईट माणूस नव्हता, आणि तोडगाही वाईट नव्हता.

“बाबा, रडलास ते अगदी असंच हवंय. फक्त ओठ इंग्रजी ओळीवर हलव. आवाज काढू नकोस. ओळ पडद्यामागून दुसरा कुणी म्हणेल, स्वच्छ. मालकांना कळणारसुद्धा नाही. करार नक्की, माझा शब्द.”

“सुटलास, म्हाताऱ्या,” लेनोर नाक पुसत म्हणाली. शिडीवरून कुणीतरी टाळी वाजवली. मलाही हायसं वाटलं. मी व्हायोलिन पुन्हा हनुवटीखाली घेतलं.

लंडनच्या रंगभूमीवरून आलेला एक नट बोलावला गेला. तो पडद्यामागे उभा राहिला आणि खाकरून बाबाची ओळ हलक्या आवाजात म्हणून बघू लागला. फारच सुंदर म्हणत होता. बाबा ट्रेपाशी उभा राहून ऐकत होता. मग मी कडी लावून कॅमेऱ्यापाशी परतलो, नव्या तबकडीवर सुई टेकली, लाल दिवा लागला आणि सगळे गप्प झाले.

बाबानं ट्रे उचलला नाही. पांढरे हातमोजे एकेक बोट ओढत काढले आणि कपाशेजारी ठेवले. पिटनं हातानं खूण केली, ये, आत ये. तोंड उघडायची त्याला सोय नव्हती.

बाबा सरळ दाराकडे चालत गेला. मी व्हायोलिन खाली घेऊन कडीपाशी गेलो, तेव्हा तो माझ्यासमोर उभा राहिला. दिवा लाल होता. कडी काढली तर आवाज होणार होता, तबकडी जाणार होती, आणि पिट माझ्याकडेच बघत होता.

मी कडी काढली. तो बाहेर गेला.