रविवारचं दूध

माझ्या नवऱ्याची ड्यूटी रास लफानला, गॅसच्या कारखान्यावर होती. चार दिवस तिथल्या कॅम्पवर राहायचं आणि दोन दिवस घरी यायचं. घर म्हणजे दोह्यात, अल गराफातल्या एका व्हिलाच्या मागच्या बाजूच्या दोन खोल्या. कंपनीची बस त्याला कोपऱ्यावर सोडायची. तो यायचा, जेवायचा आणि झोपायचा. दोनातला एक दिवस तर झोपेतच जायचा. मुलगी तेव्हा साडेतीन वर्षांची होती. नर्सरीत जायला लागल्यापासून माझ्याशीही इंग्रजी झाडायची. पण एकदा तो सोफ्यावर पेपर वाचत बसलेला असताना तिने त्याच्याकडे बोट दाखवून मला स्वच्छ मराठीत विचारलं, "आई, बाबा त्याच्या घरी कधी जाणार?"

तो हसला. मग उठून स्वयंपाकघरात गेला आणि बराच वेळ पाणी पीत उभा राहिला. मला त्या हसण्याचा राग आला आणि त्याची कीवही आली. पोरीला बाप पाहुणा वाटत होता आणि त्यात तिची काहीच चूक नव्हती.

म्हणून मी ठरवलं की यंदाची वार्षिक रजा गावी घालवायची नाही. गावी गेलो की तो आईचा मुलगा, भावाचा भाऊ, शेताच्या मोजणीचा साक्षीदार, सगळं काही व्हायचा. पोरगी आजीच्या कडेवरून आत्याच्या कडेवर फिरत राहायची आणि बापलेकीची गाठ परतीच्या विमानातच पडायची. मला अठरा दिवस हवे होते, फक्त आम्हा तिघांचे, जिथे आम्हाला कुणी ओळखत नाही अशा जागी. सासूबाईंना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, युरोपात आपलं कोण आहे? कोणी नाही, म्हणूनच चाललोय, असं मी म्हणून गेले. त्यानंतर महिनाभर त्या माझ्याशी फोनवर फक्त हवापाण्याचं बोलल्या. चूक माझीच होती, पण शब्द सुटला तो सुटला.

आमचा युरोप स्वस्तातला होता. रेल्वेचा पास, जिथे स्वयंपाक करता येईल अशा खोल्या, आणि वरच्या मजल्यावरच्या रत्नागिरीच्या भाभींनी दिलेला छोटा राइस कुकर. देताना त्या म्हणाल्या होत्या की एक वेळ नवरा हरवला तरी चालेल, झाकण हरवू नको. नियोजन माझं होतं. मी नियोजनात हुशार आहे. हे मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगत नाही. कुठल्या गावात कधी पोचायचं, कुठे भाजी घ्यायची, कुठल्या दिवशी डाळतांदूळ करायचे आणि कुठल्या दिवशी ब्रेडवर भागवायचं, सगळं वहीत लिहिलेलं होतं.

पहिला आठवडा मात्र मनासारखा गेला नाही. गावं सुंदर होती, कालवे, फुलं, नव्याकोऱ्या युरोच्या नोटा, सगळं होतं. पण पोरगी मला सोडत नव्हती. ट्रेनमध्ये माझ्याच मांडीवर, रस्त्यात माझ्याच कडेवर. तो पुढे बॅगा घेऊन चालायचा. तो हमाल, मी आया आणि ती महाराणी. त्याने तिला उचललं की मी मागून सूचना द्यायचे: असं नाही, पाठीला हात लाव, तिला पावाची कड आवडत नाही, पाणी गार देऊ नकोस. दोन मिनिटांत तो तिला परत माझ्याकडे द्यायचा आणि मी मनात म्हणायचे, बघा, याला प्रयत्नच करायचा नाही.

शनिवारी संध्याकाळी आम्ही जर्मनीतल्या एका लहानशा गावात पोचलो. जंगलाच्या कडेला, एका घराच्या माडीवर दोन खोल्या मिळाल्या होत्या. मालकीणबाईंनी किल्ली दिली, खुणांनी गॅस दाखवला आणि आपण मुलाकडे चाललोय, उद्या रात्री येऊ, असं सांगून त्या गेल्या. आमच्याकडचं दूध संपलं होतं, ब्रेड संपला होता, मूठभर तांदूळ आणि थोडी डाळ उरली होती. मी अगदी निश्चिंत होते. वहीत लिहिलंच होतं: रविवार, सकाळी बाजार.

आता हे वाचून कुणीही हसेल. पण सहा वर्षं दोह्यात काढलेल्या बाईच्या डोक्यात सुट्टी म्हणजे शुक्रवार. शुक्रवारी सकाळी दुकानं बंद, म्हणून जपायचं ते तेव्हाच. म्हणून मी गुरुवारीच दुकान गाठून दोन दिवसांचं सामान घेतलं होतं, आणि शुक्रवारी तिथली दुकानं सताड उघडी बघून मला नवलही वाटलं होतं. रविवार म्हणजे नर्सरीचा डबा, बँक, कामाचा दिवस. आणि त्याआधी भारतात होते तेव्हाही आमचा वाणी रविवारी दुपारपर्यंत दुकानात असायचाच.

सकाळी तिघं खाली उतरलो. चर्चची घंटा वाजत होती. बेकरी बंद, किराणा बंद, औषधाचं दुकानसुद्धा बंद. रस्त्यावर एक मांजर होतं, तेवढंच. मी नवऱ्याला ठासून सांगितलं की चारला उघडतील, दुपारची बंद ठेवत असतील. तो म्हणाला, सकाळचे नऊ वाजलेत. मग त्याने दारावरची पाटी वाचली, वारांची नावं बोटाने मोजली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला की आज रविवार आहे.

मला इतका राग आला की काय सांगू. रागवायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून त्याच्यावर आला. माझ्या टाचेला नव्या बुटांनी फोड आले होते, पोरगी दूध दूध करत होती, आणि हा शांत. मी म्हटलं, अठरा दिवसांत एक तरी गोष्ट तू कर. कुठूनही दूध आण, आणि हिलाही घेऊन जा. ती माझ्या गळ्याला घट्ट धरून ओरडायला लागली. मी तिची बोटं एकेक करून सोडवली, तिला त्याच्या हातात दिलं आणि लंगडत माडी चढले. एकही सूचना दिली नाही. सूचना द्यायचं त्राणच नव्हतं.

तासभर बरं वाटलं. दुसऱ्या तासाला मी खिडकीत होते. तिसऱ्या तासाला अनवाणी पायऱ्यांवर बसले होते. नाही नाही ते मनात येत होतं. ती रडून निळी पडली असेल, हा रस्ता चुकला असेल.

साडेबाराच्या सुमाराला वळणावर दोघं दिसली. ती त्याच्या खांद्यावर बसली होती, दोन्ही हातांनी त्याचे कान धरून. त्याच्या हातात दुधाचे दोन खोके. गावाबाहेर मोठ्या रस्त्यावर पेट्रोल पंप होता, तिथपर्यंत चालत गेले होते. वाटेत प्रत्येक बंद दुकानाच्या काचेला नाक लावून दोघांनी आत डोकवायचं आणि एकदम म्हणायचं, खलास. असा खेळ त्याने काढला होता. पुढचे दहा दिवस आम्हाला तो प्रत्येक गावात खेळावा लागला, उघड्या दुकानांसमोरसुद्धा.

मी दूध तापवायला घेतलं तर तो म्हणाला की तिने तिथेच अर्धा खोका पिऊन टाकलाय. गार, तसंच, खोक्याला तोंड लावून. मी म्हटलं, ती गार दूध पीत नाही, तिला तिचा स्टीलचा पेला लागतो.

"मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "तिलाही आठवलं नाही."

मी तिथेच गॅस बंद केला. एवढे दिवस मला वाटत होतं की तो मागे राहतो. मीच दोघांच्या मध्ये सूचनांची पाटी घेऊन उभी होते, हे कळायला मला एका परक्या गावातला रविवार लागला. वाईट वाटलं आणि फार हलकंही वाटलं. उरलेल्या मूठभर तांदळाची मऊ खिचडी केली आणि तिघांनी एकाच भांड्यातून खाल्ली.

पुढचे दिवस सुखाचे गेले. बॅगा माझ्याकडे आल्या. स्वित्झर्लंडमध्ये तो तिच्या वेण्या घालायला लागला; एक वेणी कानावर आणि एक मानेवर यायची. पॅरिसमध्ये लोक मनोऱ्याचे फोटो काढत होते आणि ही दोघं गवतावर मुंग्यांची रांग बघत होती. मला काही म्हणायचं असायचं, पण मी गिळत होते. ते मला मुळीच सोपं गेलं नाही.

परत आलो, आणि दोन दिवसांनी त्याची ड्यूटी सुरू झाली. सकाळी साडेपाचला बस यायची. दारात आवाज झाला तशी ती उठून बाहेर आली, त्याच्या हातातली बॅग बघितली आणि आपले बूट शोधायला लागली. तू यायचं नाहीस, असं त्याने तिला समजावलं, पापा घेतला आणि तो गेला. बस वळली आणि तिने भोकाड पसरलं. मी जवळ घ्यायला गेले तर तिने माझा हात ढकलला. "तू नको," म्हणाली. मला लागलं, खोटं कशाला बोलू. आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की पोर रडतंय आणि आपण हसतोय, याची लाजही वाटेना.

अर्ध्या तासाने फोन वाजला. बसमधून बोलत होता.

"रडली का गं?"

"अजून थांबलेली नाही. मी जवळ गेलेलीसुद्धा चालत नाही तिला."

बसचा आवाज येत राहिला. मग तो हळूच म्हणाला, "फोन जरा तिच्याजवळ धर. तिला काही सांगू नकोस. नुसता धर."

मी धरला. वाटेतल्या अल खोरच्या पुढे लाइन तुटेपर्यंत तो ऐकत होता.