सुपात मांडलेलं आमचं घराणं

सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी पडदा माझ्याकडे वळवला आणि म्हणाले, "पॉलिसिस्टिक किडनी. घरात कुणाला होतं का?" मी नाही म्हणालो. आम्हाला ठाऊकच नव्हतं. वडील पोट फुगून, धाप लागून गेले. आजोबाही तसेच. घरात त्याला करणी म्हणायचे.

पॉलिसिस्टिक म्हणजे किडनीत पाण्याचे फोड होतात, वाढत जातात आणि शेवटी किडनी काम सोडते. मी तेव्हा सुरतेला साड्यांच्या मिलमध्ये रंगाईला होतो. सातवीत शाळा सोडलेली. डोकं दुखलं की दुकानातून गोळी घ्यायचो. ते ब्लडप्रेशरनं दुखत होतं. तुमच्या घरात कुणी असं गेलं असेल तर गोळीवर भागवू नका, आधी बीपी मोजून घ्या.

डायलिसिस सुरू झालं. म्हणजे हातात सुया घालून रक्त मशीनमधून धुतात आणि परत अंगात सोडतात. थंडी भरायची, पायांत गोळे यायचे. शेजारच्या खाटेवरचा माणूस एकदा आला नाही, त्याच्या जागी दुसरा आला.

किडनी देणारं माणूस घरचंच मिळेल म्हणून मला पुण्याला पाठवलं. आई म्हणाली, म्या देते. पण आमच्या गावात, हिर्डोशीत, शब्द चालायचा आप्पांचा, माझ्या थोरल्या चुलत्यांचा. "किडनी आपल्या रक्ताची पायजे," ते म्हणाले. "नवरा खाल्लास, आता पोराच्या अंगात शिरतीस व्हय?" वडील गेल्यापासून आई त्यांच्या लेखी पांढऱ्या पायाची होती.

आप्पा स्वतः आधी तपासायला आले, हे खरं. फोड नव्हते, पण वय आणि साखर आडवी आली. मग भाटघरहून सुनंदाताई आली, माझी थोरली बहीण. पिशवीत नारळ घेऊन आली. "उजवी देऊ का डावी, बोल," म्हणत हसत आत गेली. तिच्याही दोन्ही किडन्यांत फोड निघाले. काम करत होत्या, पण कुठवर, ते कुणी सांगेना.

बाहेर येऊन तिनं नारळ माझ्या मांडीवर ठेवला. "द्याया आले, आन घिऊन चालले," म्हणाली.

त्या हॉस्पिटलात या फोडांवर संशोधन करणाऱ्या एक बाई होत्या. एका घराण्यातल्या सगळ्यांचं रक्त घेऊन कुठलं जनुक बिघडलंय ते शोधायच्या. जनुक म्हणजे आईबापाकडून आलेला अंगाचा नमुना. त्या आमच्या घरी हिर्डोशीला एसटीनं आल्या, उरलेलं चालत. आप्पांना कागदावरचं कळेना, तेव्हा आई तांदूळ निवडत होती ते सूप त्यांनी पुढं ओढलं. चांगल्या किडनीला तांदळाचा दाणा, फोडांच्या किडनीला नाचणीचा. आजोबा नाचणी. वडील नाचणी. मी आणि ताई नाचणी. आजी, आप्पा, आई तांदूळ. ताईच्या मुलीची जागा त्यांनी रिकामी ठेवली.

"बाहेरून आलेल्या बायकांनी हे आणलेलं नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्याच रक्तातून उतरतंय. आप्पा, तुम्ही नशिबानं सुटलात."

आई आपल्या दाण्याकडे बघत राहिली. "म्हंजी ह्यास्नी म्या न्हाई खाल्लं," एवढंच म्हणाली. आप्पा उठून गोठ्यात गेले. माफी कुणी मागितली नाही.

आईची किडनी जुळली. पण तिच्याकडे देण्याजोगी एकच, आणि सुपात आम्ही नाचणीचे दोन दाणे. आई ताईकडे बघेना. शेवटी ताईच म्हणाली, "त्याला दे. माजं चालतंय अजून." मी नको म्हणायला हवं होतं का, ते मला आजही कळत नाही. मला जगायचं होतं.

ट्रान्सप्लांट झालं, म्हणजे आईची किडनी माझ्या पोटात बसवली. आता सुरतेला परत आलोय, हलकं काम मिळालंय. बाईंचे उपकार आहेत. फोडांची वाढ थांबवायचं औषध मिळेल असं त्यांनी कधी खोटं सांगितलं नाही, शोधतोय एवढंच सांगितलं. ताई त्यांना रक्त देते. मुलीला मात्र अजून तपासायला नेत नाही.

ताईचा दर आठवड्याला फोन येतो. गोळ्या घेतल्या का, पाणी प्यालास का, सगळं विचारते. ठेवताना हसते आणि म्हणते, "जपून वापर रे. आईकडं दुसरी न्हाई."